केमोच्या सुट्टीच्या आठवड्यात दिंडोरीला द्राक्षबागेत जायचंय : थंडी, जेवण आणि वाइन

ठाणेकर आत्या

नमस्कार मंडळी. "आजार कोणता, औषध कोणतं" या चौकशीत पहिले चार प्रतिसाद जायला नकोत म्हणून आधीच सांगते. वय ६१. बँकेत कॅशियर होते, आता निवृत्त. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर, तिसरी स्टेज, ऑपरेशन पावसाळ्यात झालं. आता केपॉक्स नावाची केमो चालू आहे. पहिल्या दिवशी डे-केअरला जाऊन पोर्टमधून (छातीत कातडीखाली बसवलेली, शिरेला जोडलेली डबी) ऑक्सॅलिप्लॅटिन घ्यायचं, मग १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्यावर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी, आणि पुन्हा पहिल्यापासून. निम्म्याहून जास्त पार पडलंय.

पहिला आठवडा माझा नसतोच. दुसरा थोडाफार असतो. तिसरा मात्र पूर्ण माझा. त्या आठवड्यात मला चक्क भूक लागते, टीव्हीवरच्या जाहिरातीतलं लोणचंसुद्धा खावंसं वाटतं आणि घरातल्या सगळ्यांशी भांडायचा उत्साह येतो.

माझ्या भावाची दिंडोरीजवळ बाग आहे. भाऊ गेला, आता भाचा बघतो. जुनी बाग थॉमसनची, खाण्याच्या द्राक्षांची. शिवाय दोनेक एकरात त्याने वायनरीशी करार करून शिराझ, म्हणजे लाल वाइनची द्राक्षं, लावलीय. ती तोडणीला येतेय. त्याचा फोन आला, "आत्या, ये. चुलीवरचं जेवू, बागेत बस दिवसभर, आणि जमलं तर परत जाताना एखाद्या वायनरीत थांबू." मी लगेच हो म्हटलं. मग घरात सभा भरली.

ह्यांचं म्हणणं, "बरी झालीस की जाऊ." मुलगा बंगळूरहून लिंका पाठवतोय. सून बिचारी काही बोलत नाही, पण तिने गुपचूप सॅनिटायझरच्या सहा बाटल्या मागवल्यात.

मी काही पिणारी बाई नव्हे. पण बँकेतल्या आम्ही चौघी निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात नाशिकला जायचो. मिसळ खायची, पंचवटीत चक्कर मारायची आणि मग वाइनचे छोटे छोटे घोट घेऊन, आपल्याला फार कळतं अशा थाटात माना हलवायच्या. यंदा तिघी जाऊन आल्या. मला फोटो पाठवले नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तर मला विचारायचंय ते असं. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे थंड वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचतात, गार पाण्याच्या घोटाने घसा आवळतो. तिसऱ्या आठवड्यात हे कमी होतं, पण जात नाही. नाशिकची थंडी झेपेल का? शेतावर काय खावं, काय टाळावं? तळपाय लाल होतात, तर ढेकळांतून चालावं का? आणि वाइन, थेंबभर तरी? डॉक्टरांना जाण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, रक्त तपासू, पेशी बऱ्या असल्या तर खुशाल जा. वाइनचं विचारायचं राहिलं, कारण हे शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

बागायतदार

आत्या, या हो. मी मोहाडीकडचा. थंडीचं खरं सांगतो, आमच्या पट्ट्यात आणि निफाडला जानेवारीत पारा कधी कधी ५-६ अंशांवर येतो. तोडणी पहाटे चालते, कारण माल गार असतानाच क्रेटमध्ये भरलेला बरा. ती बघायची हौस करू नका. अकरा ते चार या वेळेत बागेत ऊन छान असतं. त्या वेळेत या आणि चारला उठा. सूर्य कलला की वारा सुटतो.

दुसरं म्हणजे वेलीवरचा घड तोडून तसाच तोंडात टाकायचा नाही. आम्ही स्वतः खातो, ती गोष्ट वेगळी. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून माल येईपर्यंत भुरी आणि डावणी या वेलीवरच्या रोगांसाठी फवारण्या चालतात. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठरलेले दिवस सोडावे लागतात, निर्यातीचा माल असेल तर ते फार कडक बघतात. भाच्याला विचारा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. शेतकरी असेल तर वहीत लिहिलेलं असेल. शिवाय धूळ, पाखरं, मजुरांचे हात आहेतच. भरपूर पाण्यात धुऊन खा.

शनिवार-रविवार टाळा. गंगापूर धरणाच्या रस्त्याला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते.

सिस्टरबाई

मी केमो डे-केअरमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. इथे लिहितेय ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, त्यांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून.

आठवडा बरोबर निवडलात. बहुतेक केमोंमध्ये पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात वर येतात. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या. "बरं वाटतंय" यावर जाऊ नका, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असतानासुद्धा माणसाला छान वाटू शकतं.

थंडीसाठी हातमोजे, कानटोपी आणि नाका-तोंडावरून मफलर. गार हवा ओढली की घशात श्वास अडकल्यासारखं वाटतं, ते भयंकर वाटतं. घाबरू नका, तोंडावर हात धरून सावकाश श्वास घ्या, कोमट पाणी प्या. थर्मास सोबत हवाच. उसाचा रस, बर्फाचं सरबत, फ्रिजमधलं ताक, काही नको. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही : स्टीलचं ताट-पेला सकाळच्या गारठ्यात हाताला झोंबतो. पत्रावळ मागा.

खाणं गरम, डोळ्यांदेखत शिजलेलं. कापून ठेवलेली काकडी-कांदा नको, न उकळलेलं दूध नको, चटणी त्याच दिवशी वाटलेली हवी. पाणी घरचं.

कॅपेसिटाबिनने तळपाय लाल होतात त्यांना उष्णता आणि घासणं दोन्ही चालत नाही. सैल बूट, सुती मोजे, आधी क्रीम. द्राक्षं पायाने तुडवायचा कार्यक्रम असतो काही ठिकाणी, त्यात उतरू नका.

गाडीचा पट्टा पोर्टवर घासत असेल तर मधे छोटा टॉवेल घडी करून ठेवा, पट्टा काढू नका. जुलाबाची डॉक्टरांनी दिलेली गोळी पर्समध्ये. थर्मामीटरसुद्धा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप दिसला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, लगेच फोन आणि हॉस्पिटल. नाशिकमध्ये कुठे जायचं ते निघण्याआधी ठरवून ठेवा.

वाइनबद्दल एक पक्कं सांगते. पोट बिघडलं म्हणून कुणी मेट्रोनिडॅझोल दिलं असेल तर त्या काळात आणि गोळी संपल्यावरही तीन दिवस एक थेंब नको. उलट्या, छातीत धडधड, तोंड लालबुंद होतं. बाकी लिव्हरचा रिपोर्ट बघून तुमचे डॉक्टरच सांगतील. विचारा त्यांना. रोज असे प्रश्न ऐकतात ते. मिस्टरांना पार्किंगची पावती आणायला पाठवा.

कोथरूडकर

मला वाईट ठरवा हवं तर. मी म्हणेन वाइन नकोच. माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा झाला होता, म्हणून हा विषय वाचावा लागला. दारू कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात नोंदवलंय, तंबाखू त्याच गटात. दारूमुळे होणाऱ्या कॅन्सरांच्या यादीत आतड्याचाही आहे. २०२३ मध्ये संघटनेने सरळ सांगितलं, सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. आणि वाइन म्हणजे फळांचा रस, असं आपल्याकडे जे बोललं जातं त्याला काही अर्थ नाही. १२-१३ टक्के अल्कोहोल ते अल्कोहोलच.

बागेला जा, जेवा, फोटो काढा. त्यासाठी पेला लागत नाही.

ठाणेकर आत्या

कोथरूडकर, तुम्हाला वाईट कशाला ठरवू? तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि माझ्या मुलाने पाठवलेल्या लिंकांपेक्षा कमी शब्दांत आहे. पण मी रोज पिण्याची परवानगी मागत नाहीये. वडील आता कसे आहेत ते लिहिलं नाहीत, म्हणून विचारत नाही.

सिस्टरबाई, पार्किंगच्या पावतीची युक्ती वापरणार.

नगरी

आत्या, माझ्या आईचं स्तनाच्या कॅन्सरचं चालू होतं तेव्हा आम्ही तिला गावी हुरड्याला नेलं होतं. लाल औषधाच्या, म्हणजे डॉक्सोरुबिसिनच्या दोन डोसांच्या मधे. हुरड्यात गंमत अशी की कणीस आगटीत भाजलं जातं ते ठीक, पण नंतर दहा माणसं दहा हातांनी चोळून पाखडतात. आम्ही काय केलं, आईचा वाटा माझ्या बायकोने हात साबणाने धुऊन वेगळा चोळला आणि गरमच दिला. दही टाळलं. शेंगदाण्याची चटणी घरून केलेली.

जेवणाचं जमतं हो. जमत नाही ते लोकांचं. काकू, मामी, शेजारी, सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलेले. किती खाल्लं, गिळता येतंय का, टोप निघाला तर नाही. शेवटी आईच म्हणाली, मी काय सर्कशीतला वाघ आहे का. तुमच्या भाच्याला आधीच सांगून ठेवा, पाहुणे गोळा करू नको म्हणून.

स्मिता, फ्रीमाँट

आत्या, मी कॅलिफोर्नियात असते. माझं दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल चालू असताना नवरा मला जवळच लिव्हरमोरला घेऊन गेला होता, तिथेही वायनरी पुष्कळ आहेत. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, मी ट्रीटमेंटवर आहे, मला फक्त वास घ्यायचाय. तिने अजिबात तोंड वाकडं केलं नाही. पेल्यात जरासं ओततात, साधारण ३० मिलीलिटर असेल. फिरवा, हुंगा, तोंडात घोळवा आणि थुंका. थुंकायला भांडं ठेवलेलंच असतं, जाणकार लोक तसंच करतात, नाहीतर दहा वाइन चाखून उभे कसे राहतील?

गंमत म्हणजे माझ्या त्या औषधाच्या बाटलीतच अल्कोहोल असतं, त्यात ते विरघळवलेलं असतं. नर्स म्हणायची, आज गाडी चालवत घरी जाऊ नकोस. नवरा म्हणाला, स्वस्तात झाली तुझी.

तुमच्या ऑक्सॅलिप्लॅटिनला मात्र पांढरी वाइन गार देतील, ती नको. साधी, न थंड केलेली मागा. त्यांना विचित्र वाटेल, वाटू दे.

खवय्या नाशिककर

मिसळ न खाता परत गेलात तर नाशिकला आलात असं आम्ही धरत नाही!

ठाणेकर आत्या

नाशिककर, सध्या तोंडाची आतली कातडी अशी आहे की टूथपेस्टसुद्धा तिखट लागते. तुमच्या वाट्याची दोन प्लेट खा माझ्या नावाने, वर जिलबी घ्या.

ठाणेकर आत्या

जाऊन आले. तुम्ही सगळ्यांनी सल्ले दिलेत म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर लांबलं.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. लिव्हरचाही. डॉक्टरांना अखेर विचारलं, आणि हे शेजारी बसलेले असतानाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांच्या आठवड्यांत अजिबात नाही, या आठवड्यात चाखण्यापुरतं, पेला भरून नाही, उपाशीपोटी नाही. हे त्यांनी माझे रिपोर्ट बघून मला सांगितलंय, कुणी ते उचलून आपल्यावर लावू नका. ह्यांनी घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही. रात्री म्हणाले, "मग मी येतो गाडी चालवायला. तुझ्या भाच्याचं चालवणं मला माहीत आहे."

बुधवारी गेलो. उन्हं वर आल्यावर निघालो, आमण्याहून समृद्धीला लागलो. कसारा घाटातली वळणं टळली हे माझ्या पोटाच्या दृष्टीने फार मोठं काम झालं. इगतपुरीच्या बाजूचा तो आठ किलोमीटरचा बोगदा आहे ना, त्यात शिरल्यावर ह्यांनी गाणी बंद केली आणि बोगद्याच्या अभियांत्रिकीवर व्याख्यान दिलं. बोगदा संपला, व्याख्यान घोटीपर्यंत चाललं. पोर्टखाली टॉवेल ठेवला होता. उपयोग झाला.

बारा वाजता बागेत. नगरी, तुमचा सल्ला मी फोनवर अक्षरशः वाचून दाखवला होता. पाहुणे कुणी नव्हते. भाचा, भाचेसून, त्यांची नववीतली मुलगी, इतकेच. भाचेसुनेने चूल बाहेर मांडव्याजवळ लावलेली, म्हणजे मला धगीशी बसता यावं. तिने सगळं दोन प्रकारांत केलं होतं. त्यांच्यासाठी काळ्या मसाल्याची झणझणीत आमटी आणि ठेचा. माझ्यासाठी नागलीची भाकरी, बिनमिरचीचं पिठलं, वांग्याचं भरीत त्यात फक्त लसूण आणि मीठ, आणि कढी. कढी चुलीवरून उतरवून थेट वाटीत. पत्रावळीवर वाढलं.

चवीचं सांगायला हवं, कारण ज्यांचं हे औषध चालू आहे त्यांना तेच कळून घ्यायचं असतं. सध्या मला भात म्हणजे ओला कागद लागतो. गव्हाची पोळी गोडसर, नकोशी. पण नागलीच्या भाकरीची करपलेली कड लागली, खरी लागली. आंबट लागतं. धूर लागतो. भरितात चुलीचा धूर होता म्हणून ते मला पूर्ण कळलं, घरी गॅसवरच्या वांग्याचं कळत नाही. डाएटिशियनने दिलेल्या कागदावर "धुरकट पदार्थ" असा काही रकाना नाही, आणि रोज खायची ती गोष्ट नव्हेच, पण त्या दुपारी मी दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं. भाचेसून वाढताना हसली नाही की रडली नाही. नुसतं वाढलं. फार गुणी मुलगी.

मग शिराझ बघायला. मोजे, बूट, कानटोपी, मफलर असा माझा अवतार, ऊन असूनसुद्धा. नववीतली म्हणाली, आजी तुम्ही चोरासारख्या दिसता. शिराझचे घड थॉमसनपुढे अगदी किरकोळ, दाणे काळे आणि बारीक, सालं जाड, आत बिया. बाजारात मांडले तर कुणी हात लावणार नाही. भाच्याने एक दाणा चुरडून रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला आणि नळकांडं माझ्या हातात दिलं. उजेडाकडे धरून बघायचं, निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे येईल तो साखरेचा आकडा. २३ च्या जवळ होता. वायनरीवाले २२ ते २४ ब्रिक्सच्या दरम्यान उचलतात म्हणे, त्याच आठवड्यात गाडी येणार होती.

बागायतदार, फवारणीची वही खरंच होती. मी तपासली. कॅशियरची खोड, दुसऱ्याची वही दिसली की बेरीज करायची. मग घड उकळून कोमट केलेल्या पाण्यात नववीतलीने इतक्या गांभीर्याने धुतला की मुलगी प्रयोगशाळेत नोकरी करील असं वाटलं. दाणा आधी मधासारखा गोड, मग सालीने जीभ आवळली. ते आवळणं मला कळलं. चव हरवली तरी जिभेला स्पर्श कळतो, तुरटपणा त्यातलाच असावा.

वेलींच्या ओळीत फार चालले नाही. खाट टाकून दिली होती. आणि इथे भाच्याने एक फाइल आणली. पीक कर्जाची. व्याजात काहीतरी जास्त लागलंय असं त्याला वाटत होतं, पण बँकेत कुणी नीट सांगेना. "आत्या, तू बघतेस का?" पुढचा तासभर मी खाटेवर बसून किसान क्रेडिट कार्डाचा उतारा वाचला. वेळेत फेडलं की ३ टक्के सवलत मिळते, ती एका हप्त्याला लागलेली नव्हती, कारण भरायला दोन दिवस उशीर झाला होता. त्याला ओरडले. मग अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. त्या तासात मला कुणी "थकलीस का" असं विचारलं नाही, ह्यांनी एकदा तोंड उघडलं होतं, पण मी हातानेच थांबवलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काम घेऊन आलं होतं.

साडेतीनला निघालो. वाटेत एक लहान वायनरी, बुधवार असल्यामुळे आमच्याशिवाय एक जोडपं आणि एक झोपलेलं कुत्रं. काउंटरवरच्या मुलाला स्मिताने सांगितलं तसंच सांगितलं. चेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन मागितली, पण थंड केलेली नको. तो गोंधळला. ही ८-१० अंशांना द्यायची असते मॅडम, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या औषधाने गार झेपत नाही. आत जाऊन त्याने न उघडलेली, कपाटातली बाटली आणली आणि माझ्यासाठी फोडली. तेवढ्याचे पैसे घेईना, ह्यांनी मग ती आख्खी बाटली विकत घेतली.

वास! पेरू. आमच्या गल्लीत हातगाडीवर येतो तो पिकलेला पेरू, आणि मागे थोडं अननस. मी किती तरी वेळ नाक पेल्यात घालून बसले होते. डे-केअरच्या स्पिरिटचा आणि सलाइनच्या नळीचा वास नाकात इतका बसलाय की दुसरं काही आत येईल असं वाटत नव्हतं. एक घोट घेतला, घोळवला, आणि अर्धा थुंकला. थुंकण्याचं भांडं बघून हे म्हणाले, पिकदाणी आहे की! अर्धा गिळला. बरा होता. कोमट चेनिन जाणकारांना पटायची नाही, जरा गोडच आणि ढिली लागते. मला चालली.

मग शिराझ. आपल्या भाच्याकडे जे पिकतं ते तरी चाखू म्हणून. तोंडात घेतली आणि लगेच थुंकली. पाच रुपयाचं नाणं चाटल्यासारखी. उभं आयुष्य नाणी मोजली, चव आत्ता कळली. दोष वाइनचा नाही, माझ्या तोंडातल्या धातूच्या चवीवर तो तुरटपणा चढला की दोन्ही मिळून दुप्पट होतं. ज्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन चालू आहे त्यांनी लालच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. ह्यांनी गाडी चालवायची म्हणून काहीच घेतलं नाही, चीजचे तुकडे मात्र सगळे संपवले. मला चीज नको म्हटलं होतं, बरंच झालं.

बाहेर आलो तर वारा सुटला होता, बागायतदारांनी सांगितलं होतं तस्साच. गाडीच्या दाराला हातमोज्यातून हात लावला तरी बोटं झिणझिणली. गाडीत हीटर लावून तोंडावर मफलर घेऊन झोपले ते थेट ठाण्यात उठले. तळपाय रात्री लाल झाले होते, क्रीम लावून उशीवर ठेवले, दोन दिवसांत उतरले. पोट शांत. ताप नाही. सोमवारी पुढची सायकल वेळेवर लागली.

बाटली घरी आहे. ह्यांना आवडली नाही. कोथरूडकर, तुम्हाला बरं वाटेल, सुनेने ती कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवलीय, जिथे माझा हात पोचत नाही.

कोथरूडकर

वाचून बरं वाटलं, बाटलीमुळे नव्हे. वडिलांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या वर्षी त्यांना कोकणात जायचं होतं, आम्ही "बरे झालात की" म्हणत राहिलो.

सिस्टरबाई

पोर्टखालचा टॉवेल, मोजे, थर्मास, सगळं पाळलंत. अशा पेशंट मिळायला हव्या होत्या. पण पाय लाल झाले ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा हं, "दोन दिवसांत उतरले" म्हणून गाळू नका. गोळीचा डोस त्यावर ठरतो.

मिरजेची लेक

आत्या, माझ्या आईची फॉलफॉक्स ही केमो चालू आहे, दर दोन आठवड्यांनी, आणि ४६ तासांचा पंप लावून घरी पाठवतात. तिला तीन आठवड्यांचं चक्रच नाही. मग कुठला दिवस धरायचा? आमच्याकडे सांगलीच्या बाजूला बेदाण्याचे शेड आहेत मामाचे, तिला तिथे जायचंय.

ठाणेकर आत्या

पंप काढल्यावरचे दिवस तर सोडाच. माझ्या डे-केअरमधल्या शेजारणीचं हेच आहे, ती पुढच्या डोसाच्या आधीचे तीन-चार दिवस धरते, डोसाआधीचं रक्त तेव्हाच तपासलेलं असतं म्हणून. पण प्रत्येकीचं निराळं, तुमच्या आईला कुठल्या दिवशी भूक लागते ते दोन चक्रं वहीत लिहून बघा, आणि आकड्यांचं डॉक्टरांना विचारा. शेडमध्ये बेदाण्याला गंधकाची धुरी देतात कधी कधी, त्या वेळी आईला आत नेऊ नका, खोकला उठेल. मामांना विचारून धुरीचा दिवस टाळा.

नागलीच्या भाकरीची कृती तिघीचौघींनी व्यनित (खासगी निरोपात) विचारलीय. मला येत नाही, भाचेसुनेला विचारून टाकते.